कायद्याच्या वर्गाचे दार: प्रवेशासाठी काय लागत असे आणि ते कोणाकडे होते

१/
नाशिक येथे १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्यापाशी १८९९ च्या अखेरीस मुंबई विद्यापीठाची बी.ए. होती. ऑक्सफर्डची बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा याही त्यांनी दिल्या होत्या. नव्हती ती केवळ वकिलीची सनद. ती हाती येण्यास आणखी बावीस वर्षे जावी लागली.

२/
‘कायद्याला जायचे तर आधी कोणता विषय घ्यावा?’ हा प्रश्न आजही बारावीच्या आणि पदवीच्या विद्यार्थ्यांना पडतो. त्याचे उत्तर दीडशे वर्षांत फारसे बदललेले नाही: कोणताही. अट विषयाची क्वचितच होती. ती कधी धर्माची होती, कधी पदवीची, कधी पैशाची, कधी लिंगाची, तर कधी भाषेची. या धाग्यात मुंबई इलाख्याच्या आणि पुढे महाराष्ट्राच्या संदर्भात त्या अटींचा इतिहास पाहू.

३/
आरंभ बंगालपासून करावा लागतो. कंपनी सरकारच्या १७९३ च्या सातव्या रेग्युलेशनने तेथील दिवाणी न्यायालयांतील वकिलांची नियमबद्ध व्यवस्था लावली. वकील म्हणून नाव नोंदवण्याचा अधिकार फक्त हिंदू आणि मुसलमान व्यक्तींना होता. धर्मशास्त्र किंवा शरियत जाणणारा मनुष्य न्यायालयात हवा, ही त्यामागची धारणा. म्हणजे कायदा शिकण्याची पूर्वतयारी काशीच्या पाठशाळेत किंवा कलकत्त्याच्या मदरशात होत असे. १८४६ च्या कायद्याने ही अट गेली आणि कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही राष्ट्राच्या पात्र व्यक्तीला कंपनीच्या न्यायालयांत वकिली खुली झाली. निदान कागदावर तरी.

४/
मुंबईत कायद्याचे रीतसर शिक्षण १८५५ साली सुरू झाले. सर अर्स्किन पेरी हे मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे सरन्यायाधीश होते. ते निवृत्त होऊन गेल्यावर शहरातील नागरिकांनी निधी जमवून त्यांच्या नावाने न्यायशास्त्राचे अध्यासन स्थापन केले. एल्फिन्स्टनच्या छायेत भरू लागलेला तो वर्ग म्हणजे आजच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचा आरंभ. दोनच वर्षांनी, १८५७ मध्ये, मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि कायद्याच्या शिक्षणाला पदवीची चौकट मिळाली.

५/
त्या चौकटीतून कसे जावे लागे हे महादेव गोविंद रानडे यांच्या तारखांवरून दिसते. विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली, तीत रानडे उत्तीर्ण झाले. १८६२ मध्ये पहिल्या तुकडीत बी.ए., नंतर एम.ए. आणि १८६६ मध्ये एलएल.बी. मॅट्रिकपासून मोजली तर सात वर्षे. रानड्यांचा ओढा इतिहास आणि अर्थशास्त्राकडे होता. बाळ गंगाधर टिळकांचा विषय गणित. ते १८७६ मध्ये डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले आणि १८७९ मध्ये एलएल.बी. दोघांच्या पूर्वतयारीत विषयाचे साम्य नाही. साम्य आहे ते पदवीचे, आणि ती पदवी ज्या भाषेतून मिळवावी लागे त्या इंग्रजीचे.

६/
पदवी मिळवणे म्हणजे मॅट्रिकनंतर आणखी काही वर्षे मुंबई किंवा पुण्यासारख्या शहरात राहणे, फी भरणे आणि त्या काळात घरी पैसे न पाठवणे. हे ज्यांना परवडत नसे त्यांच्यासाठी दुसरी, धाकटी वाट होती: प्लीडरची परीक्षा. जिल्हा न्यायालयात वकिली करण्यासाठी ‘डिस्ट्रिक्ट प्लीडर’ होणे पुरेसे होते आणि त्यासाठी विद्यापीठाची पदवी लागत नसे. मॅट्रिक होऊन, पुस्तके मिळवून, घरी अभ्यास करून ही परीक्षा देता येई.

७/
या वाटेवरील विद्यार्थ्यांना शिकवणारे कोणी नव्हते. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून टिळक १८९० मध्ये बाहेर पडले. त्या सुमारास त्यांनी पुण्यात खाजगी लॉ क्लास चालवला. वकिलीच्या परीक्षांना बसणारे विद्यार्थी तेथे येत आणि त्या उत्पन्नावर टिळकांचा संसार चाले. आज कायद्याच्या प्रवेश परीक्षांच्या शिकवण्यांच्या जाहिराती पाहून हा प्रकार नवा वाटतो. केसरीच्या संपादकाने तो सव्वाशे वर्षांपूर्वी केला होता.

८/
प्लीडरच्या वाटेने गेलेले सर्वांत प्रसिद्ध नाव वल्लभभाई पटेल. १८९७ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते मॅट्रिक झाले. महाविद्यालयात ते गेलेच नाहीत. इतरांकडून पुस्तके उसनी घेऊन त्यांनी अभ्यास केला आणि १९०० मध्ये डिस्ट्रिक्ट प्लीडर होऊन गोध्रा येथे वकिली सुरू केली. गुजरात तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. वल्लभभाईंना एलएल.बी.च्या वर्गात बसता आले नसते, कारण त्यांच्यापाशी बी.ए. नव्हती. बॅरिस्टर होण्यास मात्र ती लागत नव्हती.

९/
येथे त्या काळातील मोठी विसंगती दिसते. मुंबईत एलएल.बी. होण्यासाठी आधी पदवीधर व्हावे लागे. लंडनच्या ‘इन’मध्ये प्रवेश घेऊन बॅरिस्टर होण्यास मॅट्रिकची तयारी पुरे. आणि मानाने पाहिले तर बॅरिस्टर वरचा. उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत तो थेट उभा राही. एलएल.बी. झालेल्याला तेथे उभे राहण्यासाठी ॲडव्होकेटची कठीण परीक्षा वेगळी द्यावी लागे. रानड्यांनी ती १८७१ मध्ये दिली. म्हणजे अधिक शिकलेल्याला खालची पायरी आणि अधिक खर्च करू शकणाऱ्याला वरची.

१०/
हा हिशेब काठेवाडातील एका कुटुंबाने स्पष्ट मांडला होता. मोहनदास गांधी १८८७ मध्ये मॅट्रिक झाले आणि भावनगरच्या सामळदास कॉलेजात गेले. पहिल्या सत्रातच अभ्यास झेपेना. कुटुंबाचे सल्लागार मावजी दवे यांनी मत दिले की बी.ए. होण्यास चार-पाच वर्षे लागतील, त्यातून साधी नोकरी मिळेल, कायदा करायचा तर आणखी काळ जाईल. विलायतेत तीन वर्षांत बॅरिस्टर होता येते, खर्च चार-पाच हजार रुपये. गांधींनी आत्मकथेत हे सारे नोंदवले आहे. १८८८ च्या नोव्हेंबरात ते इनर टेम्पलमध्ये दाखल झाले.

११/
तेथील अटी आज वाचताना विनोदी वाटतात. बारा सत्रे ‘पाळावी’ लागत, म्हणजे सुमारे तीन वर्षे. सत्र पाळणे म्हणजे वर्गात बसणे नव्हे. प्रत्येक सत्रात इनमध्ये साधारण चोवीस भोजने होत आणि त्यांपैकी किमान सहांना हजर राहावे लागे. शाकाहारी गांधी पाव, उकडलेले बटाटे आणि कोबी खात. चौघांच्या टेबलामागे मद्याच्या बाटल्या ठरलेल्या असत. गांधी पीत नसल्याने आपल्या चौकडीत ते यावेत असा इतरांचा आग्रह असे. परीक्षा दोन: रोमन कायदा आणि इंग्लंडचा कायदा. बहुतेक जण उत्तीर्ण होत.

१२/
अटी इतक्या सैल असल्याने हाती वेळ उरला. गांधींनी स्वतःहून लंडन मॅट्रिकची परीक्षा देण्याचे ठरवले. तीत लॅटिन होते. पहिल्या प्रयत्नात लॅटिनमध्येच ते अनुत्तीर्ण झाले, दुसऱ्या वेळी यश आले. हे कोणी सक्तीने करायला लावले नव्हते, तरी तेच कामी आले. रोमन कायदा त्यांनी मूळ लॅटिनमध्ये वाचला आणि त्या वाचनाचा उपयोग दक्षिण आफ्रिकेत झाला, कारण तेथील कायद्याचा पाया रोमन-डच होता. उलट, हिंदू आणि मुस्लिम कायद्याविषयी त्यांना काहीच शिकवले गेले नव्हते. १८९१ मध्ये परतल्यावर मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले आणि तोंडून शब्द फुटेना. अटी पूर्ण होणे आणि तयारी होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना त्या दिवशी कळले.

१३/
वल्लभभाईंनी वकिलीतून पैसे साठवून विलायतेची तयारी केली. परवान्याचे पत्र ‘व्ही. जे. पटेल’ या नावाने आले आणि ते थोरले बंधू विठ्ठलभाई यांच्या हाती पडले. आद्याक्षरे दोघांची एकच. थोरल्याने आधी जावे असे ठरले आणि धाकट्याने आपली पाळी सोडून दिली. वल्लभभाई १९१० मध्ये मिडल टेम्पलला गेले, तेव्हा वय पस्तीस. छत्तीस महिन्यांचा अभ्यासक्रम त्यांनी तीस महिन्यांत पुरा केला.

१४/
पैशाची अट आणि जातीची अट एकत्र आल्या म्हणजे काय होते हे भीमराव आंबेडकरांच्या शिक्षणात दिसते. शाळेत त्यांना संस्कृत घेऊ दिले नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. हिंदू कायद्याचे मूळ ग्रंथ ज्या भाषेत आहेत, ती भाषा पुढे हिंदू कोड बिल मांडणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेत नाकारली गेली. ती त्यांनी नंतर स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केली. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१६ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ग्रेज इनमध्ये दाखल झाले.

१५/
१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी साहाय्य केले, मित्र नवल भथेना यांनी कर्ज दिले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. १९२३ मध्ये मुंबईत वकिली सुरू करताना सनदेच्या पैशांसाठीही भथेना यांचीच मदत घ्यावी लागली. भोजनाच्या सत्रांची अट गांधींना विनोदी वाटली. आंबेडकरांसाठी तीच अट म्हणजे लंडनमधील प्रत्येक महिन्याचा खर्च होती.

१६/
१९३५ मध्ये आंबेडकर मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. मुंबई इलाख्यातील कायदेशिक्षण कसे सुधारावे यावर त्यांनी लेखही लिहिला. ज्याला शाळेत पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नव्हता, तो आता इलाख्यातील सर्वांत जुन्या कायदा महाविद्यालयात प्रवेश देणारा अधिकारी होता. दरम्यान पुण्यात इंडियन लॉ सोसायटीने १९२४ मध्ये आपले लॉ कॉलेज सुरू केले. ज. र. घारपुरे हे त्याचे पहिले प्राचार्य.

१७/
आता पुन्हा कॉर्नेलिया सोराबजी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. त्यांच्या सांगण्यानुसार त्या परीक्षेत त्या अव्वल आल्या होत्या आणि या क्रमांकावर इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. त्यांना ती नाकारण्यात आली, कारण त्या स्त्री होत्या. इंग्लंडमधील हितचिंतकांनी पैसे जमवले आणि १८८९ मध्ये त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या.

१८/
बी.सी.एल.च्या परीक्षेस स्त्रीला बसू देण्यासाठी विद्यापीठाला खास परवानगी द्यावी लागली. १८९२ मध्ये त्या परीक्षेस बसल्या. ती देणाऱ्या त्या पहिल्या महिला. परीक्षा झाली, पदवी मात्र मिळाली नाही, कारण ऑक्सफर्ड तेव्हा स्त्रियांना पदव्याच देत नसे. भारतात परतून १८९७ मध्ये त्यांनी मुंबईची एलएल.बी. परीक्षा दिली आणि १८९९ मध्ये अलाहाबादची वकिलीची परीक्षा. प्रत्येक वेळी सांगितलेली अट त्यांनी पूर्ण केली आणि प्रत्येक वेळी त्यापुढे न लिहिलेली एक अट निघाली.

१९/
१९०४ पासून त्यांनी बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेच्या कामात सल्लागार म्हणून नोकरी केली. या स्त्रिया परपुरुषासमोर येऊ शकत नसत, त्यामुळे त्यांच्या वारशाचे आणि जमिनीचे कज्जे दुसऱ्यांच्या हाती जात. कायदा जाणणाऱ्या स्त्रीची गरज सरकारला मान्य होती, न्यायालयात उभी राहणारी स्त्री वकील मान्य नव्हती. १९२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची वकील म्हणून नोंद केली. १९२२ मध्ये ऑक्सफर्डने पदवी दिली, परीक्षेनंतर तीस वर्षांनी. १९२३ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स (विमेन) ॲक्टने भारतभर ही बंदी संपली. १९२४ मध्ये कलकत्त्यात त्यांनी बॅरिस्टर म्हणून वकिली सुरू केली तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या होत्या. पाच वर्षांत त्या निवृत्त झाल्या.

२०/
१९२३ मध्येच मिठन टाटा लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाल्या आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या महिला बॅरिस्टर ठरल्या. तेव्हा त्यांनी वयाची पंचविशी जेमतेम गाठली होती. पात्रता दोघींचीही होती. एकीच्या आयुष्यातील तीन दशके नियम बदलण्याची वाट पाहण्यात गेली आणि दुसरीला तो बदललेला मिळाला.

२१/
स्वातंत्र्यानंतर या साऱ्या वाटा एक करण्यात आल्या. बॅरिस्टर, वकील, प्लीडर, मुखत्यार हे भेद १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने मिटवले. राहिला एकच वर्ग, ॲडव्होकेट. विलायतेच्या भोजनांचे महत्त्व संपले. पण घरी अभ्यास करून प्लीडर होण्याची वल्लभभाईंची वाटही त्याबरोबर संपली. पदवीनंतरचा कायद्याचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता, १२ मार्च १९६७ नंतर तो तीन वर्षांचा करण्यात आला. समानता आली आणि किमान शिक्षणाची मर्यादा सर्वांसाठी वर सरकली.

२२/
पुढचा बदल १९८० च्या दशकातला. पदवीनंतर ‘दुसरे काही नाही तर कायदा’ म्हणून येणाऱ्यांपेक्षा बारावीनंतर ठरवून येणारा विद्यार्थी घ्यावा, या विचारातून पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आला. एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी १९८८ मध्ये सुरू झाली. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र हे विषय आता प्रवेशाआधी नव्हे, तर कायद्याबरोबरच शिकवले जाऊ लागले. रानड्यांनी सात वर्षांत वेगवेगळे जे केले, ते पाच वर्षांत एका छताखाली आले.

२३/
आजची स्थिती थोडक्यात. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमास कोणत्याही शाखेची बारावी, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमास कोणत्याही विषयाची पदवी. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार खुल्या प्रवर्गास किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींस ४० टक्के. महाराष्ट्रातील महाविद्यालयांसाठी २०१६ पासून राज्याची सीईटी, राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी २००८ पासून क्लॅट. वाणिज्य असो, विज्ञान असो, कोणाला मज्जाव नाही.

२४/
तरीही एक फरक पाहण्यासारखा आहे. राज्याची सीईटी मराठीतून देता येते. क्लॅट इंग्रजीतून होते आणि तिच्या प्रश्नपत्रिकेत लांबलचक इंग्रजी उतारे वेगाने वाचावे लागतात. नियमात तालुक्याच्या गावातील मराठी शाळेचा विद्यार्थी आणि महानगरातील इंग्रजी शाळेचा विद्यार्थी समान पात्र आहेत. शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये वंचित विद्यार्थ्यांना क्लॅटसाठी तयार करणारी ‘आयडिया’ ही संस्था सुरू केली ती याच कारणाने. पात्रता आणि पोहोच यांतील अंतर नियमाच्या पुस्तकात दिसत नाही.

२५/
प्रवेशाच्या अटी वाचताना म्हणून दोन प्रश्न विचारावेत. नियम काय मागतो, आणि तो मागतो ते कोणाला मिळू शकते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर माहितीपुस्तिकेत सापडते. दुसऱ्याचे उत्तर रानड्यांच्या सात वर्षांत, पटेल बंधूंच्या एका पत्रात, आंबेडकरांच्या कर्जात आणि ऑक्सफर्डने तीस वर्षे उशिरा दिलेल्या एका पदवीत आहे.